समोर न बसलेल्या माणसांचे फोटो

आबा,

आई पुन्हा जेवायला लागली, हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्हीच तिला जेव म्हणालात, म्हणून जेवली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या स्टुडिओच्या गाळ्यावर आधी झेरॉक्सची, मग मोबाईलच्या कव्हरांची आणि आता केकवाल्याची अशी तिसरी पाटी चढली आहे. तरी त्या दिवशी भर दुपारी तुम्ही आईला म्हणालात, मी जेवलोय, तू जेवून घे, आणि तिने ताट पुढे ओढलं. यात काय काय खोटं आहे ते मी सांगणारच आहे. पण ती जेवली, एवढं खरं आहे. ते आधी ऐकून घ्या, कारण पुढे मी तुमच्याशी भांडणार आहे, आणि तुम्ही हयात असताना ती सोय नव्हती.

आईच्या डोक्यातून एकेक गोष्ट उठून चालली आहे. आधी कालचं गेलं, मग माणसांची नावं गेली, मग मी कोण हेही अधूनमधून जायला लागलं. ती दादाकडे असते, म्हणजे आपल्याच घरी; माझं बिऱ्हाड शेलूला, नव्या इमारतीत, तिथून मी एक दिवसाआड तिच्याकडे जाते. दादाच्या मुलाला, म्हणजे तुमच्या नातवाला, ती कधी दादाच समजते, कधी शाळेतले मास्तर समजून पदर सावरते. हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण यंदा भात कापून झाल्यावर तिने नवीनच सुरू केलं. ताट वाढलं की दाराकडे तोंड करून बसायची आणि घासाला हात लावायची नाही. "ते आलं नायत अजून," एवढंच. तुम्ही स्टुडिओ बंद करून घरी येईपर्यंत ती आयुष्यात कधी जेवली नाही. तुम्ही गिऱ्हाइकाच्या नादात दुपार टळून जाऊ द्यायचात, भातावर कोरडा पापुद्रा धरायचा, आणि मी तिच्यावर चिडायचे, की अगं, ते तिकडे भजी खाऊन मोकळे झाले असतील. ती म्हणायची, "माणूस भाईर उपाशी असला तर घरात घास उतरत नाय गं." आता ती भाकरी थापायची विसरली, लुगड्याच्या निऱ्या विसरली, तुम्ही गेलात हेसुद्धा विसरली, पण तुमच्यासाठी थांबायचं तेवढं राहिलं. सुरुवातीला मी सांगायचे, आई, आबा गेले गं, कधीच गेले. मग ती पहिल्यांदाच कळल्यासारखी रडायची, आणि रडून झालं की परत दाराकडे बघायची. असं दोन-चारदा झाल्यावर मी सांगणं सोडून दिलं. चहात बुडवलेल्या बिस्किटावर माणूस किती दिवस काढणार? डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

तुमचा फोटो दाखवून तिची समजूत घालावी, तर फोटो कुठे होता? दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्याच घरी. कर्जत-खालापुरातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवरची म्हातारी माणसं तुम्ही टांगलीत, आणि आपल्या घरच्या भिंतीवर तुम्ही नाही. कुणी म्हटलं, या की जरा पुढे, तर म्हणायचात, "मंग कॅमेरा कोन धरंल? तुजा बाप?" माझ्या लग्नाच्या अख्ख्या अल्बमात मुलीचा बाप नाही. कन्यादानाला बसायची वेळ आली तेव्हा तुम्ही कॅमेरा पाटाशेजारी ठेवून दिलात, दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाहीत, आणि म्हणून माझ्या कन्यादानाचा फोटोच नाही; अक्षता पडतात आणि एकदम सप्तपदी सुरू होते. तुमच्या नि आईच्या लग्नातला एक जोडीचा फोटो स्टुडिओत होता. तो नदीचं पाणी बाजारात शिरलं त्या वर्षी सगळ्या निगेटिव्हांबरोबर गेला. पाणी ओसरल्यावर तुम्ही त्या निगेटिव्हा आईच्या लुगड्यांशेजारी दोरीवर वाळत घातल्या होत्या. दुधावरची साय बोटाने सरकवावी तशी माणसं फिल्मवरून सरकून खाली येत होती. नंतर कित्येक दिवस कुणी जुन्या फोटोची कॉपी मागायला आलं की तुम्ही उभं राहून सांगायचात, गेलं तुमचं, माफी करा. मला तुमच्याकडे बघवायचं नाही.

उरलं ते मतदानाचं कार्ड. त्या कार्डावर तुम्ही आहात हे नाव वाचल्यावर कळतं. नाव झाकलं तर तो गावातला कुणीही असू शकेल, एखादी बाईसुद्धा. तुमच्या बाराव्याला पाटावर फोटोच्या जागी नारळ ठेवला होता. मी आईला म्हणाले होते, कार्डावरून मोठा करते, मला येतं ते. ती म्हणाली, "नको गं. मला पाठ हायेत ते." आणि खरंच तिला पाठ होतात तुम्ही. जात्यावर बसल्यासारखी एका लयीत सांगायची, कपाळ कसं, चालताना खांदा कुठला पडायचा, पुढचा अर्धा दात कसा मोडला. मला वाटलं, फोटोवाल्याच्या बायकोला फोटो लागत नाही यात तुमचा मोठेपणाच आहे. पाठ केलेलंही एक दिवस जातं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं होतं?

मी बारावी झाल्यावर तुम्ही मला हाताखाली घेतलंत, तेव्हा मला वाटलं होतं लग्नाचे फोटो रंगवायला मिळतील. तुम्ही बसवलंत बाराव्याच्या कामाला. हा आपल्या दुकानातला शब्द. माणूस गेला की बाराव्याच्या आत फोटो मोठा करून, चौकटीत घालून पाहिजे, हार घालायला; आणि लोक जे असेल ते घेऊन यायचे, वरातीच्या गर्दीतलं करंगळीच्या नखाएवढं तोंड नाहीतर कारखान्याचा फाटका पास. तुम्ही ते तोंड मोठं करायचात, पेन्सिलीने भरायचात, खाली कुणाचाही कोट चढवायचात. ज्या बाप्याने जन्मात बंडीशिवाय काही घातलं नाही तो तुमच्या हातून मेल्यावर साहेब व्हायचा. आणि काहींकडे तेवढंही नसायचं. माथेरानच्या पायथ्याच्या एका आदिवासी वाडीतून ती ठाकर भावंडं आली होती, तीन भाऊ आणि एक बहीण, आठवतात? बाप गेला होता, त्याचा जन्मात एकही फोटो निघालेला नव्हता, आणि त्यांना खालच्या गावातल्या घरांत असतो तसा फोटू पाहिजे होता. मला वाटलं तुम्ही परत पाठवाल. तुम्ही चौघांना बाकावर ओळीने बसवलंत आणि विचारलंत, "बापावर कोन गेलाय?"

थोरला म्हणाला, "नाक माजं." धाकट्याने लगेच खोडलं, "तुजं आयचं हाय. बाचं नाक माज्यावानी, बसकं." मग कानांवरून वाद, मग कपाळावरून. थोरला रागावून उठायलाच लागला होता. बहीण म्हणाली, "हसला का मधल्यावानी दिसायचा. पर हसायचा कवा?" त्यावर चौघंही हसली, तुम्हीही हसलात, आणि हसता हसता ती तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मग भाऊही. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत आणि चहा सांगितलात. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनाही चहा आला, आणि तीही थांबली, कुणी घाई केली नाही. नंतर तुम्ही एकेकाचा फोटो काढून त्यातून बाप जुळवलात, धाकट्याचं नाक, बहिणीची हनुवटी, आणि वरून पेन्सिलीने वय चढवलंत.

शेवटचं काम माझ्याकडे असायचं, डोळ्यांतला ठिपका. आपल्या छपरात काचेची कौलं होती आणि त्यांचा उजेड समोर बसलेल्या प्रत्येकाच्या बुबुळात पांढरा ठिपका होऊन उतरायचा. फोटोत तो पुसट आला तर मी बारीक ब्रशने उठवायचे, आणि चेहऱ्यात जीव यायचा. तसा त्या ठाकरांच्या बापाला द्यायला मी ब्रश उचलला, तर तुम्ही माझं मनगट धरलंत, इतकं जोरात की बांगडी फुटली. "तो हितं बसला व्हता का?" मी म्हणाले, नाही. "मंग त्याच्या डोळ्यात आपल्या कौलाचा उजेड कुटनं आला?" मला राग आला. मी म्हणाले, नाक एकाचं, हनुवटी दुसरीची, सदरा आपल्या खुंटीवरचा, एवढं सगळं चालतं, आणि ठिपका चालत नाही? तुम्ही म्हणालात, "त्ये उसनं हाय. घरच्यांकडनं घेतलंय, त्यांच्या डोळ्यादेखत. ह्यो ठिपका कुनाचा?" मी म्हणाले, त्याच्याशिवाय तो मेल्यासारखा दिसतो. "मेलाच हाय तो. बाकीचं घरचं बघून घेतील." दुसऱ्या दिवशी बहीण फोटो न्यायला आली. तिने तो लांब धरला, जवळ धरला, दारातल्या उजेडाला धरला. "ह्योच," म्हणाली. "रानात बसून लांब काय बगायचा, तसाच बगतोय." मी आत जाऊन बांगडीच्या काचा गोळा करत बसले.

तेव्हापासून कुठल्याही घरात गेलं की भिंत वाचायची मला खोडच लागली. ठिपका असला तर हा माणूस आपल्या कौलांखाली येऊन बसून गेलेला. नसला तर हा घरच्यांनी आठवून आठवून उभा केलेला. चौक गावच्या एका ढाब्यावर गल्ल्यामागे असे दोघं शेजारी शेजारी आहेत, आजा बिनठिपक्याचा, बाप ठिपक्याचा. कुणाला हे कळत नाही आणि कळल्यावाचून कुणाचं अडतही नाही. नंतर तर आपल्यावाचूनच कुणाचं अडेनासं झालं. रंगीत रोल आले नि धुवायला कल्याणला जायला लागले, तेव्हा डार्करूममध्ये आईने कांदे-बटाटे ठेवले. मग जमिनींचे व्यवहार सुरू झाले आणि गावंच्या गावं पासपोर्ट फोटो काढायला यायला लागली. धंदा तेव्हा जोरात होता, पण संध्याकाळी तुम्ही गल्ला न मोजताच उठायचात. म्हणायचात, कागदाला लावायच्या फोटोत एक माणूस हसत नाय. मोबाईल तुम्ही पाहिलात, पण तो नुसता बोलायचा होता. कॅमेरा त्याच्या पोटात शिरला आणि आपला गाळा रिकामा झाला, ते बघायला तुम्ही नव्हतात, ते बरंच झालं असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे मला तेव्हा तुम्ही हवे होतात.

आता आपल्याकडे शेतं कमी आणि फार्महाऊस जास्त. मुंबईची माणसं तिथे येऊन लग्नाआधीच नवरा-बायकोचे फोटो काढून घेतात, एकमेकांच्या मागे भाताच्या खाचरातून पळत. हसू नका, बरीच वर्षं माझं पोट त्यावर चाललं. एक फोटोग्राफर मला ते फोटो पाठवायचा आणि मी शेलूच्या घरी बसून कॉम्प्युटरवर नवऱ्या मुलींच्या मुरुमांचे डाग काढायचे, दंडावरची लशीची खूण काढायचे, मागच्या बांधावरची गुरं काढायचे. आता ते सगळं एका बटणावर होतं. तो फार गोड बोलून म्हणाला, ताई, गरज पडली की कळवतो. अजून गरज पडलेली नाही. मला कामाचं दुःख नाही असं कसं म्हणू? आहे. तुम्ही दिलेला हात आहे तो, आणि तो आता मांडीवर पडून असतो. पण त्याहून वाईट मला वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. माणूस गेला की घरचे आता बाकावर बसत नाहीत. जिवंतपणीच त्याचे इतके फोटो निघालेले असतात की आठवायचं काम कुणाला पडतच नाही. जो तो आपापल्या मोबाईलमधला फोटो ग्रुपवर टाकतो, खाली हात जोडलेली चित्रं येतात, आणि रात्रीपर्यंत वर दुसरं काहीतरी येतं. नाक कुणावर गेलं म्हणून भांडायला चार माणसं एका जागी लागतात, आबा.

गेल्या पितृपक्षात नेरळच्या बाजारात भाजीचे वाटे लावून बसलेल्या एका पोरीने मला हाक मारली. "तुमी फोटूवाल्याची पोर ना?" ती त्या ठाकर बहिणीची नात निघाली. घरातला तो फोटो पावसात डागाळला होता, म्हणून तिने मोबाईलवर साफ करून घेतला होता, आणि तो तिला मला दाखवायचाच होता. साफ कसला, नवाच होता. गाल भरलेले, सदऱ्याची कॉलर कडक, डोळ्यांत टपोरे ठिपके. आणि बोट लावलं की तो म्हातारा मान वळवून हसायचा. "बगा, आमचा पनजा हसतो आता," ती म्हणाली. हसणं मधल्या भावासारखं नव्हतं, कुणासारखंच नव्हतं. पण तिच्या तोंडावरचा आनंद इतका खरा होता, की मी म्हणाले, छान आहे गं, आणि न लागणारी भाजी घेऊन घरी आले.

तर आता आईचं. तुमचा नातू घरीच लॅपटॉपवर काम करतो. गुणी पोरगा आहे, आजीचे पाय चेपतो, तिचं सगळं काढतो. तुम्ही गेलात तेव्हा तो रांगत होता, त्याला तुम्ही आठवत नाही. नळीचं ऐकून तो घाबरला आणि कुणाला न विचारता त्याने त्या कार्डावरून लॅपटॉपवरच्या एका यंत्राकडून तुम्हाला करून घेतलं. मला फोन आला, "आत्या, ये लवकर, आजी जेवतेय." मी रिक्षाने तडक गेले. आई भिंतीला टेकून बसली होती, समोर तांब्याला मोबाईल टेकवून उभा केलेला, आणि त्यात तुम्ही. म्हणजे तुमच्यासारखं कुणीतरी. केस दाट, दात एका ओळीत, कातडी तुकतुकीत. टीव्हीवर बातम्या सांगतात तसल्या मराठीत तुम्ही म्हणत होतात, "माझं जेवण झालं आहे. आता तू जेवून घे." आणि डोळ्यांत, दोन्ही डोळ्यांत, ठिपका. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मोबाईल उचलायला हात पुढे केला, तर आईने माझा हात ढकलून दिला. "थांब गं. बोलतायत ना ते." तोंडात घास होता, हनुवटीवर वरणाचा ओघळ आला होता. मग तुम्हाला म्हणाली, "आवाज बसलाय व्हय? लई बोलता गिऱ्हाइकांशी." आणि दुसरा घास घेतला.

मी नातवाला पडवीत नेऊन खडसावलं. म्हणाले, हे आत्ताच्या आत्ता काढून टाक. तो म्हणाला, "काढतो, आत्या. मग नळी घालायची का?" मी ओट्यावर टेकले. तो माझ्याशेजारी बसला. "मला आजोबा आठवतच नाहीत गं. तू सांग ना ते कसे बोलायचे, मी बदलून घेतो." आणि मी सांगायला लागले, आबा. म्हणाले, ते 'माझं जेवण झालं आहे' असलं काही म्हणायचे नाहीत. 'माजं झालंय, तू खाऊन घे' म्हणायचे, तेही चपला काढता काढता, तिच्याकडे न बघता. दात असे नव्हते, पुढचा एक अर्धा होता. त्याने बरंच बदललं. दात मात्र ते यंत्र मोडू देत नाही, मोडला की पुन्हा नीट करून देतं. मग मी म्हणाले, डोळ्यांतला तो ठिपका काढ. "कसला ठिपका?" मी बोट ठेवून दाखवला. त्याला तो आधी दिसलाच नव्हता. त्याने काढला. आता मोबाईलमधल्या माणसात आणि तुमच्यात थोडं काहीतरी जमल्यासारखं मला वाटलं, काहीतरी आपल्या दुकानातलं. संध्याकाळी ताट वाढल्यावर तेच आईपुढे लावलं. तिने बराच वेळ बघितलं. "ह्ये कोन?" म्हणाली, आणि ताट बाजूला सारून दाराकडे तोंड करून बसली. मी नातवाला म्हणाले, राहू दे रे तो ठिपका, टाक परत.

आता भांडते. तुम्ही म्हणाला होतात, बाकीचं घरचे बघून घेतील. बघायला घरच्यांकडे काही शिल्लक हवं ना? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या ठाकर बहिणीला बाप पाठ होता, म्हणून तिला तुमचा तो मेलेला डोळा पुरला. आईला काही पुरत नाही, तिला सगळं भरून द्यावं लागतं, उजेडसुद्धा. तुम्ही एकदा कॅमेऱ्यासमोर बसला असतात तर हे झालं नसतं. माझ्या कन्यादानाला कुणा पोराच्या हातात कॅमेरा दिला असतात, वाकडातिकडा का होईना. तुमचं तत्त्व तुम्ही दुसऱ्यांच्या मेलेल्या माणसांवर पाळलंत आणि स्वतःच्या माणसांसाठी एक कागद ठेवला नाहीत. नातू निदान आजीच्या जेवणाचं बघतो. हे लिहिताना माझा राग खरा आहे, पण त्या पडवीत ओट्यावर बसून तुमचं बोलणं एकेक शब्द सांगत होते ना, तेव्हा मला इतक्या वर्षांनी काम मिळाल्यासारखं वाटलं, हेही तितकंच खरं आहे. एका जागी दोन माणसं बसून तुम्हाला आठवत होती. आईचं अंग हळूहळू भरतंय. डॉक्टर परवा नळीचं काही बोलले नाहीत.

नातू म्हणतो, आत्या, तुला त्यांच्याशी बोलायचं असलं तर लिहून दे, मी आत घालतो, ते उत्तर देतील. त्याच्या मनात वाईट काही नाही. म्हणून तर हे मी हाताने लिहिते आहे, आणि लिहून झालं की घडी करून साड्यांच्या तळाशी ठेवणार आहे, त्याच्या हाती लागू द्यायचं नाही. दिलं तर खरंच उत्तर येईल. ते गोड असेल, समजूतदार असेल, माझं चुकलं पोरी असंही त्यात असेल. तुम्ही मला कधी असलं उत्तर दिलं नाहीत, आणि मला ते आवडून जाईल.

एक सांगायचं राहिलं. काल दुपारी आईचा डोळा लागल्यावर मी तुमची पेन्सिल काढली. मनात आलं, मोबाईलमधलं तोंड राहू दे तिला. मी माझ्यापुरतं खरं काढून ठेवते, आठवतंय तोवर. कपाळ आलं, गालफडं आली, अर्धा दातही आला. मग डोळ्यांशी आले. वर्षानुवर्षं भिंग डोळ्यात धरून तुमच्या एका भुवईखाली घडी पडली होती, झोपेतसुद्धा न जाणारी. ती उजवीकडे की डावीकडे, ते मला आठवेना. मी तुमच्यासमोर बसायचे, म्हणजे माझी उजवी ती तुमची डावी, असं करून पाहिलं. एक डोळा मिटून, मूठ भिंगासारखी दुसऱ्या डोळ्याला लावून पाहिलं. कार्ड पाहिलं, तर तिथे डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग. तेवढ्यात आई उठली. तिला विचारलं, आई, आबांची ती घडी कुठल्या डोळ्यावर होती गं? ती माझ्याकडे बघत राहिली, मीच खुळी असल्यासारखी. "त्यांनाच बघ की," म्हणाली, आणि मोबाईलकडे हात केला. आबा, मी बघितलं. तिथे घडी नव्हती. मग मीही काढली नाही.